पहिल्या कुटुंबाचा तक्ता

प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलवायची ठरली आणि जुनं कपाट आवरायला मला बोलावणं आलं. निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली, पण त्या कपाटात कुठे काय आहे हे अजूनही माझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही. तशी सोय मीच करून ठेवली होती. माझ्या मदतीला गेंडिस नावाची पीएच.डी. करणारी मुलगी दिली होती. हुशार आहे, फक्त हात फार भराभर चालतात. इतरांसारखी तीही मला यू तुर म्हणते, यू म्हणजे ताई.

तिने वरच्या खणातून प्लॅस्टिकचा पाइप काढला, त्यातून आलेखकागदाची गुंडाळी ओढली आणि टेबलावर पसरली. डोळे बारीक करून थोडा वेळ बघत बसली.

"यू तुर, हा तक्ता कुणी काढलाय? या एका रेघेचे तुकडे बघा, एक लांब, एक आखूड. मी स्कॅन करते आणि कंप्यूटरवर सारखे करून टाकते."

"हात लावू नकोस त्याला," मी म्हणाले.

ती दचकली. वय झालं तरी माझा आवाज शाबूत आहे. मग वाईट वाटलं आणि मी तिला खुर्ची ओढून बसायला सांगितलं. तक्ता काढला होता मी. ती रेघ मात्र माझ्या हातून तुटली नव्हती.

आमच्या पुर्वोकर्तो शहरात तीस वर्षांपूर्वी अनुवंशशास्त्रात पीएच.डी. करणं म्हणजे काय होतं, ते आजच्या पोरांना सांगून पटत नाही. माणूस तरुणपणी नाव नोंदवायचा आणि पदवी हातात पडेपर्यंत डोक्यावरचे केस गेलेले असायचे. यंत्र बिघडलं की त्याचा सुटा भाग यायला वर्ष लागायचं. मार्गदर्शकांना भेटायचं तर त्यांच्या गाडीपाशी उभं राहावं लागे. मी तेव्हा प्रयोगशाळा सहायक होते. थॅलेसेमियाच्या घरांतून मी रक्त काढून आणायचे, बर्फाच्या डब्यात बांधायचे आणि ते परदेशी रवाना व्हायचं. दीड-दोन वर्षांनी तिकडून छापील निबंध यायचा. त्यात आमचे विभागप्रमुख पाक विर्योनो, म्हणजे विर्योनो सर, यांचं नाव पाचवं किंवा सहावं असायचं. माझं कुठेच नसायचं. पाक विर्योनो याला सहकार्य म्हणत. मी डबे पोचवणं म्हणत असे, अर्थात त्यांच्या माघारी.

मग हॉलंडच्या एका विद्यापीठाशी करार झाला. या वेळी आमची पोरं तिकडे जाणार होती, नुसतं रक्त नाही. चार विद्यार्थी, प्रत्येकाला दोन मार्गदर्शक, एक इथला, एक तिथला. सहा महिने तिकडे शिकायचं, सहा महिने इकडे येऊन तेच काम आमच्या यंत्रांवर उभं करायचं, आणि निबंधावर पहिलं नाव विद्यार्थ्याचं. पाक विर्योनोंनी हे मला वाचून दाखवलं तेव्हा मी विचारलं, यात फसवणूक कुठे आहे? ते म्हणाले, मीही तीच शोधतोय.

तिकडच्या मार्गदर्शक म्हणजे बू इनेके; बाईमाणसाला आम्ही मानाने बू म्हणतो. उंच बाई, पन्नाशीची, केस पुरुषासारखे कापलेले. पहिल्याच दिवशी त्या चटईवर मांडी घालून बसल्या आणि हाताने जेवल्या, तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयोगशाळेतले सगळे खोडरबर गोळा केले. वहीत लिहायचं ते पेननेच. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खाली सही आणि तारीख घालायची. खोडायचं नाही, कारण चूकसुद्धा कुणाला तरी उद्या वाचावी लागते. अकरा खोडरबर त्यांनी पर्समध्ये टाकले. बारावा माझ्या खणात, हातमोज्यांच्या खाली होता आणि तिथेच राहिला. कुटुंबांचे तक्ते मी पेन्सिलीनेच काढायचे. माणसं मरतात, जन्मतात, लग्नं करून येतात. दर वेळी नवा कागद कुठून आणणार?

गेंडिस हसली. तो नियम तिलाही पाठ होता.

त्या चौघांत पहिली निवड विनार्सिहची झाली होती. आज तुम्ही तिला प्राध्यापक म्हणता. तेव्हा ती सोकाराजाजवळच्या एका खेड्यातल्या तेंपे, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या वड्या, करणाऱ्या बाईची मुलगी होती. अंगाला आंबवलेल्या सोयाबीनचा आणि केळीच्या पानाचा वास यायचा आणि तिला त्याची काही लाज नव्हती. बोलणं आमच्या भागातलं, रोखठोक. त्याला जोग्या शहराकडचे लोक अजूनही हसतात. हॉलंडहून पहिल्यांदा आली तेव्हा मी विचारलं, तिकडे बोलण्यावरून कुणी हसलं का? म्हणाली, "नाही यू. तिथे मी कुणालाच धड कळत नाही, त्यामुळे सगळे मला सारखाच मान देतात."

तिचा धाकटा भाऊ कार्सान याला थॅलेसेमिया होता. अंगात रक्त टिकत नाही, दर महिन्याला चढवावं लागतं. विन शाळेत असल्यापासून त्याला घेऊन इस्पितळात यायची, मीच त्याची शीर शोधायचे. बाटली संपेपर्यंत ती पोरगी मला विचारत बसायची. याला झालं तर मला का नाही? आईबाबा धडधाकट कसे? मी एकदा वैतागून म्हणाले, एवढं असेल तर स्वतःच शिकून बघ. ते तिने मनावर घेतलं.

तिच्या प्रबंधासाठी बावीस कुटुंबं घ्यायची होती. पहिलं कुटुंब तिने आपलंच घेतलं. ती हॉलंडात असताना मी रक्त काढायला त्यांच्या घरी गेले. तिचं स्वतःचं रक्त ती जायच्या आधीच देऊन गेली होती. वडिलांचं काढलं, कार्सानचं काढलं आणि मग तिची आई, बू रासेम, मला म्हणाल्या, माझं आत चुलीपाशी काढा.

आत दोन मोठ्या पातेल्यांत सोयाबीन उकळत होतं. त्यांनी हात पुढे केला, दुसऱ्या हाताने चुलीतलं लाकूड सारखं केलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, विनचं रक्त यात घालायलाच हवं का? मी म्हणाले, हवं, निरोगी भावंडाचंही लागतं. मी सुई काढली, कापूस धरला. मग म्हणाल्या, "ती पांचिंगान आहे."

गेंडिसला हे समजावून सांगावं लागलं नाही, आमच्याकडे कुणालाच लागत नाही. पांचिंगान म्हणजे गळाला लावतात ते आमिष. लग्नाला सात-आठ वर्षं होऊन मूल झालं नाही की नात्यागोत्यातून एखादं मूल आणून सांभाळायचं, मग त्याच्या मागून पोटचं येतं, असं मानतात. बू रासेमनी नवऱ्याच्या लांबच्या नात्यातल्या एका बाईची आठवी मुलगी आणली, वीस दिवसांची. पाच वर्षांनी कार्सान झाला. असल्या मुलाबद्दल गावात सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणीही बोलत नाही, निदान त्या मुलासमोर तर कधीच नाही. बोललं की आणलेलं मूल परकं होतं. न बोलता ते आपलंच राहतं.

"तिला माहीत नाही," बू रासेम म्हणाल्या. "तुम्ही कागदावर काय लिहायचं ते लिहा, पण तिला कळता कामा नये."

मी नाही लिहिणार म्हणाले. घरी येऊन तक्ता काढला. वर चौकोन वडिलांचा, गोल आईचा, खाली एक गोल विनचा आणि एक काळा चौकोन कार्सानचा, काळा म्हणजे आजारी. दत्तक मूल असलं तर तुटक रेघ काढतात, ते मला बू इनेकेंनीच शिकवलं होतं. मी अखंड रेघ काढली.

नळ्या हॉलंडला गेल्या. तिथे कुणाची नळी आहे ते न कळू देता फक्त आकड्यांवरून तपासतात. तपासणीत रक्ताच्या पट्ट्या उमटतात, मुलाच्या रक्तात त्यातली एक आईची आणि एक वडिलांची दिसायला हवी. पहिल्या कुटुंबाची तिसरी नळी आईशीही जुळेना आणि वडिलांशीही जुळेना. एकाशी जुळून दुसऱ्याशी जुळलं नाही तर तिकडचे लोक काय समजतात ते मला सांगायची गरज नाही. दोघांशीही जुळत नाही म्हणजे त्यांच्या हिशेबी एकच गोष्ट होते, नळीच बदलली. आणि नळ्यांवर चिठ्ठ्या कोण लावतं? मी.

फॅक्स आला तो पाक विर्योनोंनी दोनदा वाचला आणि मला आत बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. चहा आला की समजावं, काहीतरी वाईट आहे. चहा अर्धा झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, नळ्यांची अदलाबदल झाली असण्याची थोडीशी शक्यता असेल का?

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पंधरा वर्षांत माझ्या हातून एक चिठ्ठी चुकीची लागली नव्हती. पण चुलीपाशी दिलेला शब्द होता. मी म्हणाले, असेल, झाली असेल माझ्याकडून. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. पुन्हा विचारलं नाही. तेच तिकडे लिहून पाठवलं, खाली माझी सही घेतली.

मला वाटलं, एक चूक, एकदा बोलणी, संपलं. इथेच माझी अक्कल तोकडी पडली. चार दिवसांनी उत्तर आलं. एक नळी बदलल्याचं सहायकानेच मान्य केलं असल्यामुळे सर्व बावीस कुटुंबांच्या अठ्ठ्याऐंशी नळ्या संशयास्पद धराव्या लागतील. विनार्सिहचं काम थांबवण्यात येत आहे. बू इनेके स्वतः पुर्वोकर्तोला येतील, आणि कराराचा दुसरा टप्पा द्यायचा की नाही ते तेव्हा ठरेल. विनचे तीन वर्षांचे कष्ट मी एका सहीने बुडवले होते. तिच्या मागून जायला निघालेल्या तीन पोरांचं जाणंही त्याच कागदावर लटकलं होतं.

विन बू इनेकेंच्या चार दिवस आधी परत आली. माझ्याशी नीट बोलेना. पहिला दिवस, दुसरा दिवस, नुसती काचेची भांडी धूत बसली, धुतलेलीच पुन्हा धुतली. तिसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"अदलाबदल झाली असं का लिहून दिलंत?"

"झाली असेल."

"तुमच्या हातून? यू, तुम्ही घरच्या साखरेच्या डब्यावरसुद्धा तारीख लिहिता."

मी खण उघडला आणि बंद केला. मग तीच हळू आवाजात म्हणाली, "मला ठाऊक आहे. पाचवीत असल्यापासून ठाऊक आहे. शाळेत एकीशी भांडण झालं, तिने तोंडावर सांगितलं, तू आमिषाची आहेस म्हणून."

"मग?"

"मग काय. घरी आले. बियुंग पानांत तेंपे बांधत होती. मी तिच्या शेजारी बसून बांधायला लागले."

आईला आम्ही बियुंग म्हणतो. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञ मुलीच्या तोंडून तो शब्द आला आणि मला भरून आलं. पण त्यामागोमाग रागही आला. तिला ठाऊक होतं, तर हॉलंडात त्या नळीचं बघून ती गप्प का बसली? तिथे माझ्या नावावर काट मारली जात होती आणि ही बाईंसमोर मान खाली घालून उभी होती? मी हे सगळं तिला सुनावलं, आवाज न दाबता. तिने ऐकून घेतलं.

"बियुंगने मला कधी सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "तिने मला सांगितलेलं नसताना मी परक्या बाईला कशी सांगणार?"

मी तरी वेगळं काय केलं होतं?

मग आम्ही दोघींनी सगळे मार्ग काढून बघितले. पहिलं कुटुंब प्रबंधातून काढून टाकलं तरी माझा फॅक्स राहतोच. फॅक्स खोटा होता म्हणावं तर विचारणार, का? प्रत्येक वाट फिरून चुलीपाशी येत होती. शेवटी विन म्हणाली, मी पाक विर्योनोंना सांगते, मला हे झेपत नाही. सोकाराजाच्या शाळेत जीवशास्त्राची जागा आहे, घराजवळ आहे, कार्सानकडेही लक्ष राहील. इतक्या सरळपणे म्हणाली की ठरवूनच आली असणार. ती पाठमोरी झाल्यावर मी टेबलावर डोकं टेकून रडले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी सोकाराजाला गेले. वाटेत जीपमध्ये बसून पूर्ण भाषण तयार केलं होतं. बू रासेम मेंडोआन तळत होत्या. पातळ तेंपे पिठात बुडवून अर्धकच्चं तळतात ते. त्यांनी माझ्यासमोर ताटली ठेवली, हिरव्या मिरच्या ठेवल्या. मी एक खाल्लं, दुसरं खाल्लं. भाषण काही बाहेर येईना. बाहेर कार्सान पेरूच्या झाडाखाली बसला होता.

शेवटी म्हणाले, "विनचं काम अडलंय."

"कशावर?"

"तक्त्यावरच्या एका रेघेवर."

त्यांनी कढईतलं मेंडोआन उलटलं. मग म्हणाल्या, "खा, गार होईल."

मी सात खाल्ली. निघताना त्यांनी केळीच्या पानात बांधलेली तेंपेची जुडी हातात दिली आणि बैठक कधी आहे तेवढं विचारलं. मी सांगितलं, उद्या, सकाळी दहाला. परत येताना मी स्वतःला शिव्या देत होते की एवढ्या लांब जाऊन नुसती खाऊन आले.

त्या बैठकीनंतरचं तुला ठाऊक आहे, मी गेंडिसला म्हणाले. दुसरा टप्पा मिळाला, मग तिसरा. विनने प्रबंध पुरा केला. हॉलंडला तो मांडताना उमेदवाराच्या मागे दोन माणसं उभी राहतात, त्यातली एक मी होते, उसन्या कोटात आणि चावणाऱ्या बुटांत. कुटुंबाची माहिती घ्यायची पद्धत विनने नव्याने लिहिली. आता तिकडची पोरं सहा महिने आपल्याकडे ते शिकायला येतात. माहिती बाहेर ओसरीवर नाही, आत चुलीपाशी घ्यायची. हातात कागद नसावा. कुणी जन्म दिला आणि कुणी वाढवलं हे वेगवेगळं विचारायचं, आणि उत्तर आलं नाही तर खाऊन परत यायचं, पुन्हा जायचं. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती स्वतःच सांगते, मी पांचिंगान आहे म्हणून. लोक तिला धीट म्हणतात. ती तिच्या आईची हिंमत होती, तिची नाही, हे मी बघितलं आहे.

त्या बैठकीच्या दिवशी दहा वाजता आम्ही चौघं याच टेबलाभोवती बसलो होतो. बू इनेके, पाक विर्योनो, विन आणि मी. तक्ते पसरलेले, फॅक्स वर ठेवलेला. बू इनेके माझ्याकडे वळून फार सभ्यपणे विचारायला लागल्या, चिठ्ठ्या लावताना त्या दिवशी नेमकं काय झालं? मी तोंड उघडणार तेवढ्यात दारात बू रासेम उभ्या. लग्नाला जाताना घालतात तो केबाया घातलेला, केस चापून बांधलेले, खांद्याला तेंपेची टोपली. रिकाम्या हाताने कशी येऊ म्हणून आणली असेल. विन उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला.

पाक विर्योनोंनी आपली खुर्ची त्यांना दिली. त्या टोकावर बसल्या. टोपली पायाशी ठेवली, आणि कुणाला नमस्कार-चमत्कार करायच्या आधी मला विचारलं, "ती रेघ कुठली?"

मी पहिल्या कुटुंबाचा तक्ता त्यांच्यापुढे सरकवला. त्यांना अक्षरं येत नव्हती, पण तक्ता लगेच कळला. गोलावर बोट ठेवून म्हणाल्या, ही मी का? मी मान हलवली. चौकोनावर, हे आमचे मालक? हो. काळ्या चौकोनापाशी आल्यावर त्यांनी बोट उचललं आणि पुन्हा टेकवलं, कार्सानला काळं का केलंय ते विचारलं नाही. मग त्यांचं बोट विनच्या रेघेवरून वरपासून खालपर्यंत सावकाश गेलं.

"खरी काढली असतीत तर कशी काढली असती?"

मी विनकडे बघितलं नाही. "तुटक," मी म्हणाले.

"बियुंग, राहू दे," विन म्हणाली. "काही गरज नाही याची. चल, मी तुला घरी सोडते."

बू रासेमनी तिच्याकडे मान वळवली. "पाचवीत होतीस. एक दिवस शाळेतून आलीस आणि न सांगता माझ्याजवळ बसून तेंपे बांधायला लागलीस. एरवी त्या वासाने नाक मुरडायचीस. मला तेव्हाच कळलं, तुला कळलंय."

विन तोंडावर हात ठेवून उभी राहिली. पाक विर्योनो खिडकीबाहेर बघायला लागले. बू इनेकेंना आमची बोली अर्धीच कळायची. पण त्यांनी तक्त्यावरच्या त्या बोटाकडे बघितलं, मग फॅक्सकडे, आणि मग माझ्याकडे. त्यांनी फॅक्स उचलून उलटा ठेवला.

"काहीतरी द्या पुसायला," बू रासेम मला म्हणाल्या.

मी खण उघडला. हातमोज्यांखालचा तो खोडरबर बाहेर काढला. तीन वर्षं लपवला होता. बू इनेकेंनी तो बघितला. मग तक्ता हलू नये म्हणून त्यांनी आपल्या दोन्ही हातांनी कागदाच्या कडा दाबून धरल्या.

बू रासेमनी खोडरबर नीट धरता येईना म्हणून मुठीत धरला. त्या हातांनी त्यांनी तीस वर्षं सोयाबीन तुडवलं होतं, पानांत बांधलं होतं, पण असलं बारीक काम कधी केलं नव्हतं. एका ठिकाणी घासलं. रेघ तुटली. पुढे थोडी सोडून पुन्हा घासलं. तिसऱ्या वेळी हात जरा जास्त सरकला आणि मोठी फट पडली, तेव्हा त्या थांबल्या, अंगठ्याने कागदावरचा कचरा पुसला, वाकून बघितलं.

"एवढं पुरे का?"

"पुरे, बियुंग," विन म्हणाली.

"मग उरलेली राहू दे," त्या म्हणाल्या, आणि खोडरबर माझ्या हातात परत दिला.